माझ्या शेपटावर पंचफुला

जुनी म्हणा, खटारा म्हणा, मी ऐकून घेईन. पण कोणी मला अपशकुनी म्हटलं तर मी गप्प बसणारी नाही. मी जीप आहे. फौजेतून आलेली, चारही चाकांनी ओढणारी. शिरपूरच्या वाटेवर माझी धूळ उठली की लोक हातातलं काम सोडून बघत उभे राहत, असा माझा रुबाब होता. इंझोरीच्या अलीकडच्या नाल्यात माझा कणा गेला, ही गोष्ट खरी आहे. लोक सांगतात, जीप मोडली. मित्रांनो, मी मोडले नाही, मला मोडलं. आणि त्या दिवशी माझ्या शेवटच्या फळीवर घरची सून बसलेली होती. तिच्यासाठी मी बोलते आहे. स्वतःचं कौतुक सांगायची मला हौस नाही. तसं कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे, ती गोष्ट वेगळी.

आधी माझं शरीर समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. बाहेरून दिसतो तो नुसता पत्रा. पत्र्याला पोचा पडला तरी माझं काही अडत नाही. पण सगळ्याच्या खाली, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, दोन जाड लोखंडी पट्ट्या गेल्या आहेत. त्यांना चेसी म्हणतात. तुम्हाला पाठीचा कणा, तशी मला चेसी. इंजिन तिच्यावर, माणसं तिच्यावर, सामान तिच्यावर. खालून चाकांचे पाटे, म्हणजे कमानीसारख्या लवचिक पट्ट्या, तिला धरून असतात. मला घडवणारे काही खुळे नव्हते. त्यांनी मला आखूड ठेवलं, कारण ओझं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये राहावं, मागे लोंबकळू नये.

फौजेत मी डोंगरात होते. तिथे हवालदार मदनसिंग माझा चालक होता. त्याची जीभ माझ्यापेक्षा कडू. रोज सकाळी तो माझ्याखाली आडवा होई, लहान हातोडीने माझा कणा ठोकून बघे आणि कान लावून ऐके. एकदा एका जवानाने घाईत मागे जास्तीच्या पेट्या चढवल्या. मदनसिंग म्हणाला, "भैंस समझा है क्या? उतार." बिचाऱ्याने मुकाट्याने उतरवल्या. मला तेव्हा त्याचा राग यायचा, की हा किती कटकट करतो. लाडात वाढलेल्याला लाड कळत नाहीत.

माझी नोकरी संपली आणि लिलावात मला शिरपूरकडच्या पंजाबरावांनी घेतलं. पंजाबराव म्हणजे वाडवडिलांपासून जमीन असलेले, गावचे पाटील. त्यांच्या दारात मी उभी राहिले तेव्हा सगळा गाव जमला. त्यांची बायको कस्तुराबाई दिवा घेऊन ओवाळायला आली. तिने मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि म्हणाली, "अवो, हे गाडी हाय का खेकडा?"

पंजाबराव म्हणाले, "खेकडाच हाय. चिखलातून चालते."

आणि मी चालून दाखवलं. पावसाळ्यात जिथे बैल गुडघ्यापर्यंत रुतत, तिथे गोविंदा ड्रायव्हर फोरव्हीलचा दांडा ओढी आणि मी गुरगुरत बाहेर निघे. बियाणं मी आणलं. शिरपूरच्या मंदिराला येणारे यात्रेकरू बस चुकली की माझ्यात बसत. साप चावलेला एक गडी मी वाशीमला वेळेवर पोचवला, तो अजून ती गोष्ट सांगतो. गाव म्हणायचं, पाटलाची जीप म्हणजे काय सांगता. मी ऐकायची आणि हॉर्न जरा मोठा वाजायचा.

इथेच लोकांची चूक झाली. मी चारही चाकांनी ओढते, म्हणून त्यांना वाटलं की मी चौपट पेलतेसुद्धा. ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ओढतात ती चाकं, पेलतो तो कणा. पण हे कोण सांगणार? मला तोंड आहे ते फक्त हॉर्नचं.

पंजाबरावांचा मुलगा जगदेव हौशी होता. तो म्हणायचा, गाडी चांगली आहे, फक्त लहान आहे. त्याने मला वाशीमच्या एका कारखान्यात नेलं. तिथल्या मिस्त्रीने माझा कणा मागून वाढवला. मूळ पट्टीला लोखंडाचे नवे तुकडे जोडले, वेल्डिंगची झाळ लावली, त्यावर लांब पत्रा, दोन्ही बाजूंनी बाकं आणि अगदी शेवटी एक आडवी फळी. मला शेपूट फुटलं म्हणा. शेपटाच्या टोकाला हूक बसवला आणि हुकाला ट्रेलर.

"मिस्त्री, पेलन ना?" जगदेवने विचारलं.

"हत्ती बसवा," मिस्त्री म्हणाला.

त्या कारखान्यात हत्ती कधी आला नव्हता, आणि मिस्त्री माझ्यात कधी बसला नाही. बोलायला त्याचं काय जात होतं.

पहिल्याच हंगामात माझं शेपूट खाली झुकायला लागलं. ही माझी पहिली हाक होती. जगदेवने काय करावं? त्याने पाट्यांमध्ये आणखी पाटे घातले. शेपूट सरळ झालं आणि सगळ्यांना वाटलं, आता गाडी मजबूत झाली. मजबूत झाले ते पाटे. कणा तोच होता. आधी मी वाकून सांगत होते, आता वाकायची सोयही राहिली नाही.

पण नुसतं ओझं असतं तर मी आणखी काही वर्षं काढली असती. मला खाल्लं ते बसण्याच्या रीतीने.

पंजाबरावांच्या घरात कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं होतं, आणि ती रीत घरातून गाडीत आली. पुढे गोविंदाच्या शेजारी पंजाबराव बसत. तिथे आणखी दोन माणसं सहज मावतील, पण पाटलाच्या बरोबरीने बसणार कोण? त्यांच्या पाठीमागची जागाही मोकळी ठेवायची, कारण सासऱ्याच्या पाठीला पाठ लावून सुनेने बसायचं नाही. मग कस्तुराबाई, मग पाहुण्या बाया, आणि जी सगळ्यात लहान ती सगळ्यात मागे. तिने तोंड बाहेर करायचं, पदर ओढायचा आणि पाय खाली सोडून बसायचं. म्हणजे पुढे सगळी हवा आणि मागे सगळं घर. पोत्यांचंही तसंच. पाटलाच्या पायाशी सामान ठेवणार कोण? पोती मागे.

गोविंदाच्या ते ध्यानात येत होतं. तो एकदा म्हणाला, "पाटील, स्टेरिंग हवेत फिरवल्यासारखं लागते. पुढची चाकं नुसती रस्त्याले शिवून राह्यली."

पंजाबराव म्हणाले, "मंग बरं हाय की. हाताले तरास नाही."

दिवे लावले तर उजेड रस्त्यावर पडायचा सोडून बाभळीच्या शेंड्यांवर पडे. त्यावरही लोक हसले. म्हणाले, जीप पाखरं मोजते.

त्या शेवटच्या फळीवर बसायची ती पंचफुला, जगदेवची बायको. हलक्या अंगाची, कमी बोलणारी. बसण्याआधी पदराने फळी पुसायची आणि उतरताना माझ्या पत्र्यावर तळहात ठेवायची, गायीच्या पाठीवर ठेवावा तसा. तिच्या पायांखाली हूक होता आणि हुकाच्या मागे ट्रेलरची चाकं. मी मोडले तर पहिली ती जाणार, ही गोष्ट मला कळत होती. तिलाही थोडी कळत असावी, कारण माझा आवाज पहिल्यांदा तिने ऐकला.

तो आवाज चिरेचा होता. जुनी पट्टी आणि नवा तुकडा जिथे जोडला, तिथे झाळेच्या शेजारी केसाएवढी चीर गेली होती. आणि ती गेली वरच्या अंगाने. तुम्ही एखादी लांब फळी एका टोकाला घट्ट धरा आणि दुसऱ्या टोकावर कोणाला तरी लटकू द्या. फळी वरून ताणली जाते. माझं तसंच झालं. पण माझ्या वरच्या अंगावर पत्रा आणि पत्र्यावर माणसं. खालून पाहणाऱ्याला काय दिसणार? दसऱ्याला जगदेव माझ्याखाली शिरायचा, काळा रंग फासायचा, बाहेर येऊन म्हणायचा, नवी कोरी दिसते. मग हार, नारळ, शेंदूर. मला शेंदूर नको होता बाबा, कोणीतरी वरचा पत्रा उचलून बघायला हवं होतं.

पंचफुलाने जगदेवला सांगितलं, "खालून कायतरी वाजते. खड्ड्यात गेली का कुर्रकन करते."

"तुय्या जोडव्याचा आवाज असन," तो म्हणाला.

तिने कस्तुराबाईला सांगितलं, "आत्याबाई, मागं बसाले भेव लागते."

कस्तुराबाई म्हणजे घरात जिचा शब्द खाली पडत नाही अशी बाई. ती म्हणाली, "मी पंधरा वर्सं बैलगाडीच्या मागच्या टोकाले बसली. मले कोणं खाल्लं?" आणि विषय मिटला. पंचफुला परत काही बोलली नाही. सासरी एक गोष्ट दोनदा सांगितली की ती तक्रार होते.

मग तो उन्हाळा आला. पंजाबरावांची बहीण इंझोरीला दिलेली होती आणि तिच्या मुलीचं, गंगूचं, लग्न ठरलं. पंजाबराव नवरीचे मामा. नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं, त्याच्याशिवाय अक्षता पडत नाहीत. शिवाय त्यांनी बहिणीला शब्द दिला होता की जेवणावळीचा गहू आणि गूळ मामाकडून येईल. मामाचा ट्रेलर कसा यावा? पाटलांचं म्हणणं, शीव ओलांडताना लोकांनी पोती बघून तोंडात बोट घातलं पाहिजे.

झालं. ट्रेलर गव्हाने भरला. गुळाच्या भेल्या त्यावर. पाण्याचे तांब्याचे गुंड त्यावर. जे उरलं ते माझ्या शेपटावर, बाकांच्या मधोमध. त्यावर कस्तुराबाई आणि पाहुण्या बाया. आणि टोकाला, गाठोडं शेजारी ठेवून, पंचफुला. पुढे गोविंदाशेजारी पंजाबराव फेटा बांधून एकटे, मांडीवर फक्त नारळ. जगदेव आणि दोन-तीन गडी ट्रेलरच्या पोत्यांवर.

वाशीमपर्यंत रस्ता बरा होता. पुढे खडी उखडलेली. प्रत्येक खड्ड्याला माझी चीर थोडी उघडायची आणि थोडी मिटायची. उघडायची जास्त, मिटायची कमी. डावी पट्टी वरून फाटत चालली होती, कापड फाटावं तशी. मी कुरकुरले, कण्हले. बाया मोठ्याने गाणी म्हणत होत्या. गोविंदाने गाडी हळू केली तर पंजाबराव म्हणाले, "गोविंदा, लग्न आज हाय."

मंगरूळ मागे पडलं आणि कस्तुराबाई एकदम ओरडली, "थांब. थांब रे गोविंदा."

गाडी थांबली. तिच्या लुगड्याचा काठ माझ्या तळाच्या पत्र्यात अडकला होता. पत्र्याचे दोन तुकडे जिथे मिळतात त्या फटीत. तिने ओढलं, निघेना. तिने गोविंदाला गाडी थोडी पुढे घ्यायला लावली. गाडी हलली, फट उघडली, काठ सुटला. आणि त्या फटीतून कस्तुराबाईला खालचा रस्ता दिसला. गाडी थांबली, फट मिटली.

  मग तिने मागे वळून पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुला पाठ करून बसली होती, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. 

"पंचफुला, हे कवापासून वाजून राह्यलं?"

"मागच्या दसऱ्यापासून, आत्याबाई."

"अवो," कस्तुराबाई पुढे ओरडली, "गाडी तोंड उघडून राह्यली. पाहा तरी."

गोविंदा खाली उतरला, माझ्याखाली आडवा झाला. मी मनात म्हटलं, वर बघ, बाबा, वर बघ. पण वर पत्रा. त्याने खालचं अंग चाचपून पाहिलं. ते अजून धड होतं.

"खालून तं साबूत दिसते, पाटील."

"मंग चाल," पंजाबराव म्हणाले.

"माय, पत्रा ढिला झाला असन," जगदेव म्हणाला. "वाशीमले परत जातानी आवळून घेऊ."

"पोती काढा मागची. इथं ठेवा. कोणी गाडीबैल पाठवून नेईन," कस्तुराबाई म्हणाली.

"मामाची पोती रस्त्यावर ठेवू?" पंजाबरावांनी मान न वळवता विचारलं. "काय म्हनतीन इंझोरीचे लोकं? का मामा गहू सांडत आला?"

आम्ही निघालो. गाणी थांबली होती. बायांनी आपापले पदर वर घेतले होते. कस्तुराबाई मागे सरकून बसली होती आणि एक हात मागे करून तिने पंचफुलाचा दंड धरला होता.

इंझोरीच्या अलीकडे एक नाला लागतो. उन्हाळ्यात कोरडा, तळाशी माणसाच्या डोक्याएवढे गोटे. उतार मोठा आणि पलीकडचा चढ त्याहून मोठा. उतरताना ट्रेलर मला मागून ढकलत होता. प्रत्येक धक्का हुकातून शेपटात, शेपटातून त्या चिरेत. तळाशी पोचलो. पलीकडून वाजंत्री ऐकू यायला लागली. शिवेवर लोक मामाला घ्यायला आलेले.

मित्रांनो, आता माझी अवस्था ऐका. समोर चढ. चढावर सगळं ओझं मागे सरकतं. ट्रेलर मागे ओढणार, पोती मागे दाबणार, आणि माझी डावी पट्टी फक्त खालच्या काठाने धरून होती. मला माहीत होतं, मी वर अर्ध्यापर्यंत जाईन. त्यापुढे शेपूट माझ्याबरोबर येणार नाही.

गोविंदाने फोरव्हीलचा दांडा ओढला. मी गुरगुरले. तेवढ्यात बाजूने उडी टाकल्याचा आवाज आला.

कस्तुराबाई खाली उतरली होती. एवढी जड बाई, नेसलेलं नवं लुगडं, ती गोट्यांवरून चालत आली आणि माझ्या तोंडासमोर उभी राहिली. बॉनेटवर दोन्ही हात टेकून.

"आता चालव," ती म्हणाली.

गोविंदाने ब्रेक दाबला. पंजाबराव म्हणाले, "तुले काय वारं लागलं? वाजंत्री ऐकू येऊन राह्यली. येळ झाला."

"सगळ्यायले उतरवा. पायी चढतीन."

"पाटलाच्या घरच्या बाया पायी? शिवेवर सारा गाव उभा हाय. मी मामा हाय त्या पोरीचा."

"तुमी मामा हा, हे साऱ्या इंझोरीले ठाऊक हाय," कस्तुराबाई म्हणाली. "पंचफुला कोनाची तरी लेक हाय, हे फक्त तिच्या मायले ठाऊक हाय. उद्या तिच्या मायले मी काय सांगू? का मामा वाजतगाजत आला म्हून?"

पाहुण्या बाया एकेक करून उतरल्या. त्या पाहुण्या होत्या, त्यांना कोणाला विचारायचं नव्हतं. पंचफुला उतरली नाही. सासरा गाडीत बसलेला, नवरा ट्रेलरवरून उतरून खांबासारखा उभा, कोणी उतर म्हटलं नाही. तिने एकदा जगदेवकडे पाहिलं. जगदेवने वडिलांकडे पाहिलं. आणि मी गोट्यांवर उभी, इंजिन धडधडतंय, प्रत्येक धडधडीला चीर आणखी जराशी. फळीवर तिचं वजन मला कळत होतं. फार नव्हतं. पण आता एका गाठोड्याचं वजनही मला फार होतं.

"उतर की माय," कस्तुराबाई पुढून म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला होता, आणि म्हणून तो कोणाला ओळखूच आला नाही.

पंजाबराव बसून राहिले. वाजंत्री वाजत होती. मग ते उतरले. फेटा सावरत, नारळ हातात, माझ्या बाजूने चालत मागे गेले. त्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नसे. काही सांगायचं तर सासूच्या तोंडून. पंजाबराव फळीपाशी उभे राहिले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती, आणि म्हणाले, "पंचफुला, खाली ये, पोरी."

ती उतरली. गोट्यावर पाय मुडपला तेव्हा त्यांनी हात पुढे केला, तोही तिने धरला. गाठोडं तसंच फळीवर राहिलं.

"आता चालव रे," पंजाबराव म्हणाले. "पोती राहू दे. पोती काई मरत नाही."

जगदेव आणि दोन-तीन गडी मागून ढकलायला निघाले. आमच्याकडे गाडी चढाला लागली की पुरुष मागून ढकलतातच, न ढकलणारा नामर्द. कस्तुराबाईने त्यांच्यापुढे हात आडवा धरला. "मागं कोनी जाचं नाही. ज्याले जोर दाखवाचा हाय त्यानं वरतून दोरखंड ओढावा."

सगळे कडेने चढून वर गेले. गोविंदा एकटा आत. मी चढायला लागले. पुढची चाकं जमीन धरेनात, मागची रेती उडवत होती. अर्धा चढ. त्याहून थोडं जास्त. आणि मग डावी पट्टी तुटली.

आवाज मोठा नव्हता. वाळलेली फांदी मोडावी तेवढाच. मग उजवी पट्टी पिळली, पत्रा टराटरा फाटला, आणि मी एकदम हलकी झाले. इतकी हलकी की मी उसळी मारून चढ संपवला आणि गोविंदाला ब्रेकसुद्धा उशिरा आठवला. मागे माझं शेपूट, बाकं, फळी, हूक आणि भरलेला ट्रेलर, सगळं एकमेकांना धरून उलटं खाली घरंगळत गेलं. नाल्याच्या तळाशी मोठ्या धोंड्यावर आपटलं, उलटलं, आणि गव्हाची पोती त्या फळीवर येऊन पडली. एकावर एक.

धूळ खाली बसेपर्यंत कोणी हललं नाही.

पंजाबराव नाल्यात उतरले. त्यांनी पोती बाजूला केली, स्वतःच्या हाताने, कोणाला हात लावू न देता. फळीचे दोन तुकडे झाले होते. खालून पंचफुलाचं गाठोडं निघालं. आरसा फुटलेला, फणी मोडलेली, लुगडं गुळाने माखलेलं. त्यांनी ते झटकलं, परत बांधलं आणि वर आणून तिच्या हातात दिलं.  जगदेव काठावरच्या एका गोट्यावर खाली बसला होता. कस्तुराबाई त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "जोडव्याचा आवाज होता म्हने. ऐकला ना आता?" तिची जीभ तशीच होती, पण हात त्याच्या डोक्यावर होता.

शिवेवरचे लोक धावत आले. वाजंत्रीवाले सनई काखेत धरून उभे राहिले. गहू सांडला होता तो बायांनी ओट्यांत भरला, पोती बैलगाड्यांवर गेली. आणि मामा पायी निघाला, घरच्या बाया बरोबर, सगळ्यांचे पाय धुळीने भरलेले. तोंडात बोट कोणी घातलं नाही. गंगूची आई धावत आली, तिने भावाचे पाय पाहिले, मग सगळ्यांची तोंडं एकेक करून मोजावीत तशी पाहिली, आणि मगच रडली. अक्षता थोड्या उशिरा पडल्या. मुहूर्त उशीर झाल्याने रुसला असं कोणाला दिसलं नाही.

जेवणं झाल्यावर मांडवात गोष्ट निघाली. एक म्हातारा म्हणाला, लग्नाच्या दिवशी मोडली म्हणजे जीप अपशकुनी, भंगारात घाला. कस्तुराबाई पंगतीत वाढत होती. तिने हातातला डाव खाली ठेवला.

"बावा, ते बिचारी दसऱ्यापासून कुरकुरून राह्यली. आमी ऐकलं नाही. आमच्या कानाचं भंगार करा आंदी, मंग तिचं पाहू."

हे वाक्य मी कोणालाही फुकट ऐकवते.

माझं शेपूट परत लागलं नाही. वाशीमच्या दुसऱ्या एका मिस्त्रीने तुटलेला भाग कापून टाकला, मूळ कणा घासून, तपासून घेतला. आता मी पुन्हा आखूड आहे, पुन्हा खेकडा दिसते. ट्रेलर बैलांनी ओढायचा असं ठरलं आहे. माझा रुबाब गेला असं काही जण म्हणतात. म्हणू देत. गोविंदाच्या हाताला आता स्टेरिंग जड लागतं आणि तो खूश असतो. पत्र्याला गंज चढतो आहे, रंग उडाला आहे, पावसाळ्यात माझ्यावर कोंबड्या बसतात. मी म्हातारी होत चालले आहे, आणि म्हाताऱ्यांना जे सांगायचं असतं ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरी गाडी येईल. माझ्यापेक्षा मोठी, माझ्यापेक्षा ताकदीची. ती चिखलातून तुम्हाला ओढून काढेल आणि तुम्ही तिचं कौतुक कराल. करा. पण तिने ओढलं म्हणून तिच्यावर वाटेल ते लादू नका. तिला कोणी मागून वाढवायला सांगितलं तर आधी विचारा, कणा कुठपर्यंत आहे. ती झुकली तर पाटे घालून तिचं तोंड बंद करू नका. रंग लावण्याआधी पत्रा उचला. ती कुरकुरली तर रस्त्याच्या कडेला थांबा, मग मांडवात कोणी वाट बघत असो.

आणि निघण्याआधी एकदा गाडीच्या मागे चक्कर मारा. ओझं किती आहे ते बघाच. पण त्या ओझ्याच्या टोकाला तुम्ही कोणाला बसवलं आहे, आणि ती काय सांगते आहे, ते आधी ऐका.